एका दिवसात तीन चैत्यगृहे : भाजे, बेडसे, कार्ले

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, लोणावळा आणि कामशेत यांच्या आसपासच्या डोंगरांत, भाजे, बेडसे आणि कार्ले ही तीन बौद्ध लेणी आहेत. तिन्ही ठिकाणी अखंड खडकात कोरलेले एकेक चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेसाठीचे मंदिर आहे आणि त्याच्या आजूबाजूला भिक्षूंच्या निवासाचे विहार आहेत. भाज्याचे चैत्यगृह इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातले, बेडशाचे साधारण इ.स.पूर्व पहिल्या शतकातले आणि कार्ल्याचे त्यानंतरचे, इ.स. पहिल्या-दुसऱ्या शतकापर्यंत पूर्ण होत गेलेले. सकाळी लवकर निघालेले दोन मित्र संध्याकाळच्या आत तिन्ही पाहून परतू शकतात. याच क्रमाने पाहिली, तर लाकडाची घरे बांधणारा कारागीर दोन-तीन शतकांत दगड कसा शिकत गेला, हे पायऱ्या चढता-उतरता ध्यानात येते.

खडक आणि घाटवाट

सह्याद्री हा ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर एकावर एक साचून तयार झालेला पर्वत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे थर आज काळ्या पाषाणाच्या आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात. कठीण थर उभ्या कड्यासारखे टिकून राहतात आणि मऊ थर झिजून त्यांच्याखाली उतार तयार होतो. लेणे कोरायला असा उभा, एकसंध, भेगा कमी असलेला कडा लागतो. मावळात तो जागोजागी मिळतो.

पण नुसता खडक पुरेसा नव्हता. सोपारा, कल्याण आणि चौल या कोकणातल्या बंदरांवर उतरणारा माल घाट चढून देशावर जुन्नर, पैठण, तेर अशा गावांकडे जाई. बोरघाट ही त्यातली एक मोठी वाट. व्यापाऱ्यांचे तांडे ज्या वाटेने जात, त्याच वाटेने भिक्षूही चालत. भिक्षूने पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे आणि बाकीचे वर्ष फिरत राहावे, असा संघाचा नियम होता. या वर्षावासासाठी कोरडी, टिकाऊ जागा हवी. भिक्षेसाठी गाव जवळ हवे, पण ध्यानासाठी गलबला लांब हवा. घाटवाटेवर नजर ठेवणारा डोंगराचा मधला टप्पा या सगळ्या गरजा भागवतो. म्हणूनच ही लेणी माथ्यावर किंवा पायथ्याशी सहसा सापडत नाहीत. ती डोंगराच्या कमरेला असतात.

चैत्यगृह कसे पाहावे

चैत्यगृहाची रचना एकदा समजली की तिन्ही ठिकाणे सोपी होतात. आत शिरल्यावर समोर एक लांब दालन असते. त्याची दाराची बाजू सरळ आणि मागचा शेवट अर्धगोल असतो. हत्तीच्या पाठीसारखा दिसणारा हा आकार गजपृष्ठाकार म्हणून ओळखला जातो. दालनाच्या दोन्ही बाजूंनी खांबांची रांग मागे जाते आणि स्तूपाला वळसा घालून परत येते. खांब आणि भिंत यांच्यामधली अरुंद वाट म्हणजे प्रदक्षिणापथ. मधल्या भागावर होडी उलटी ठेवावी तसे कमानदार छत असते.

अर्धगोलाच्या मध्यभागी स्तूप असतो. खालचा नळकांड्यासारखा भाग म्हणजे मेढी, वरचा घुमट म्हणजे अंड, अंडावरची चौकोनी पेटी म्हणजे हर्मिका आणि सर्वांत वर छत्र. या काळात बुद्धाची मूर्ती कोरण्याची प्रथा रूढ झालेली नव्हती. स्तूप हेच बुद्धाचे आणि त्याच्या महापरिनिर्वाणाचे चिन्ह होते आणि पूजा त्याचीच होत असे.

दर्शनी बाजूला पिंपळपानाच्या आकाराची एक भव्य कमान असते. तिला चैत्यगवाक्ष म्हणतात. उजेड आत येण्याची खरी वाट हीच. दालनाचा बाकीचा भाग अंधारात असतो आणि गवाक्षातून येणारा प्रकाश स्तूपावर पडतो.

हे सगळे वरून खाली कोरले जाई. कारागीर आधी छताच्या उंचीवर बोगदा पाडत, छत पूर्ण करत आणि मग पायाखालचा दगड काढत काढत जमिनीपर्यंत उतरत. त्यामुळे परांची बांधण्याची गरज पडत नसे. मात्र एक चूक झाली, एखादा खांब तुटला, तर तो पुन्हा बसवता येत नसे. बांधकामात दगड जोडत जावा लागतो, लेण्यात तो काढत जावा लागतो. म्हणून कामाला हात घालण्याआधी संपूर्ण मंदिर कारागिरांच्या मनात तयार असावे लागे.

भाजे : दगडातले लाकूडकाम

भाजे गाव मळवली स्थानकापासून दोन-तीन किलोमीटरवर, विसापूरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. गावातून पायऱ्या चढून गेले की बावीस लेण्यांची रांग समोर येते. मधोमध बाराव्या क्रमांकाचे चैत्यगृह आहे. ते सुमारे १७ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असून त्यात २७ अष्टकोनी खांब आहेत.

आत गेल्यावर प्रथम जाणवते ते खांबांचे झुकणे. सगळे खांब वरच्या बाजूला आत कललेले आहेत. दगडाच्या खांबाला असे कलण्याचे काहीच कारण नाही. लाकडी इमारतीत मात्र ते आहे. कमानदार छपराचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार ते आतल्या बाजूला कलते उभे करतो. भाज्याच्या कारागिरांनी लाकडी मंडप जसा डोळ्यांनी पाहिला होता, तसाच तो खडकात उतरवला. छतालाही त्यांनी अर्धवर्तुळाकार लाकडी फासळ्या बसवल्या. हे छत डोंगराचा भाग असल्यामुळे फासळ्यांवर कसलाच भार नाही. सवयीच्या डोळ्याला छत फासळ्यांशिवाय अपुरे वाटत असावे. यातल्या काही फासळ्या मूळच्या आहेत. त्यांवर ब्राह्मी अक्षरेही आढळली आहेत.

दर्शनी भाग आज पूर्ण उघडा दिसतो. पूर्वी तिथे लाकडी पडदी होती. ती नाहीशी झाली, पण तिचे वासे अडकवायच्या खाचा दगडात राहिल्या आहेत. गवाक्षाच्या दोन्ही अंगांना लहान सज्जे, कठडे आणि कमानी कोरल्या आहेत. त्यावरून त्या काळच्या शहरातले लाकडी माळे कसे दिसत असतील, याची कल्पना येते.

चैत्यगृहापासून दक्षिणेकडे गेले की चौदा लहान स्तूपांचा समूह लागतो. त्यातले पाच कड्याच्या आत आणि नऊ बाहेर आहेत. काहींवर अंपिनिक, धंमगिरी, संघदिन अशी स्थविरांची नावे कोरली आहेत. इथे राहून गेलेल्या ज्येष्ठ भिक्षूंची ही स्मारके आहेत. त्याच रांगेत पुढे एक विहार आहे. त्याच्या व्हरांड्यात दोन प्रसिद्ध शिल्पे आहेत. एकात चार घोड्यांच्या रथातून जाणारा पुरुष आणि त्याच्याबरोबर दोन स्त्रिया आहेत. दुसऱ्यात हत्तीवर स्वार झालेला एक पुरुष असून हत्तीने सोंडेने झाड उपटले आहे. यांना सूर्य आणि इंद्र मानण्याची प्रथा आहे. काही अभ्यासक मात्र इथे मांधात्या राजाची बौद्ध कथा पाहतात.

लेण्यांच्या आवारात खडकात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे. एक पोढी कोसिकीपुत्र विण्हुदत्त नावाच्या महारठीने दान दिली, असे तिथला लेख सांगतो. महारठी हे सातवाहन काळातले मोठ्या सरदाराचे पद होते.

बेडसे : दगडाचा आत्मविश्वास

बेडशाला जाण्यासाठी कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागावे. तिन्ही लेण्यांत ही सर्वांत शांत जागा. पायऱ्या चढून वर पोचल्यावर प्रथम फारसे काही दिसत नाही, कारण चैत्यगृहाच्या समोर मूळ खडकाचे दोन मोठे ठोकळे तसेच ठेवले आहेत. त्यांच्यामधल्या बोळातून पुढे सरकले की दर्शनी खांब एकदम समोर उभे राहतात.

हे खांब सुमारे २५ फूट उंच आहेत. मध्ये दोन पूर्ण खांब आणि दोन्ही टोकांना दोन अर्धस्तंभ. खाली घटाचा आकार, वर अष्टकोनी दांडा, त्यावर उलट्या कमळासारखी घंटा आणि सर्वांत वर बसलेले घोडे, बैल, हत्ती. त्यांच्या पाठीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत. प्राण्यांच्या मानेचा बाक, स्वारांची सहज बैठक आणि दागिन्यांचे बारकावे इतके सफाईदार आहेत की भाज्याच्या साध्या खांबांनंतर हे पाहणाऱ्याला मधल्या शतकाची मजल कळते.

भाज्याच्या दर्शनी बाजूला लाकडी पडदीची गरज होती. बेडशाला व्हरांडा, खांब, दरवाजे, गवाक्ष हे सगळे दगडाचेच आहे. आतल्या खांबांचा कलही कमी झाला आहे. छतात मात्र इथेही लाकडी फासळ्या होत्या. त्या आता उरलेल्या नाहीत. व्हरांड्यातल्या एका खोलीच्या दारावर दात्याचे नाव आहे : नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक. नाशिकच्या व्यापाऱ्याच्या घरातला माणूस मावळातल्या लेण्याला दान देतो, यावरून या वाटांवर माणसे आणि पैसा किती दूरवर खेळत होते, हे लक्षात येते.

चैत्यगृहाच्या जवळच बेडशाचा विहार आहे. साधारणपणे विहार चौकोनी असतात. हा मात्र चैत्यगृहासारखा मागे अर्धगोल आणि वर कमानदार छताचा आहे. भिंतींतून निघणाऱ्या भिक्षूंच्या खोल्यांत झोपण्यासाठी दगडी ओटे आहेत. बाहेरच्या एका टाक्यावर सामडिनिका नावाच्या महारठिणीचे दान नोंदलेले आहे.

बेडशाचे लेणे पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळचे कोवळे ऊन थेट व्हरांड्यात येते आणि खांबांवरची शिल्पे उजळतात. दुपारनंतर तीच शिल्पे सावलीत जातात.

कार्ले : पूर्णत्व

कार्ल्याचे चैत्यगृह भारतातल्या खडकात कोरलेल्या चैत्यगृहांत सर्वांत मोठे मानले जाते. मळवली स्थानकापासून ते उत्तरेला चार-पाच किलोमीटरवर, वेहेरगावच्या डोंगरात आहे. पायथ्यापासून साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी हार-फुले, नारळ आणि खणांची दुकाने आहेत, कारण चैत्यगृहाच्या दारातच एकवीरा देवीचे मंदिर आहे.

अंगणात डाव्या हाताला सिंहस्तंभ उभा आहे. त्याच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह आहेत. हा स्तंभ गोतीपुत्र अग्निमित्रणक या महारठीचे दान आहे. मग व्हरांडा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत तळाशी तीन-तीन हत्ती कोरले आहेत. सगळ्या मजल्यांचा भार त्यांनीच पाठीवर घेतला आहे, असे वाटते. दारांच्या शेजारी स्त्री-पुरुषांची मोठी मिथुनशिल्पे आहेत. दात्या कुटुंबांची किंवा समृद्धीची ही चिन्हे असावीत. त्यांचे भरदार खांदे, मोकळे हात आणि चेहऱ्यावरची प्रसन्नता यांमुळे ती प्राचीन भारतीय शिल्पातल्या उत्तम कामांत गणली जातात. त्यांच्याजवळच दिसणाऱ्या बुद्धमूर्ती नंतरच्या आहेत. पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास, मूर्तिपूजा रुळल्यावर, जुन्या नक्षीत जागा करून त्या कोरल्या गेल्या.

आतले दालन जवळजवळ ३८ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि १४ मीटर उंच आहे. खांब ३७ आहेत. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सजवलेले आणि स्तूपामागे सात साधे. सजवलेल्या खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर बसलेल्या जोड्या आहेत. प्रदक्षिणापथाच्या बाजूला बहुतेक ठिकाणी घोडे आहेत. बेडशाला व्हरांड्यात दिसलेली ही कल्पना कार्ल्यात मंदिराच्या आत आली आणि संपूर्ण दालनाला तिची झालर लागली.

इथले खांब सरळ उभे आहेत. भाज्याचा कल बेडशाला कमी झाला होता. कार्ल्यात तो राहिला नाही. आता खांब डोंगराचा आहे आणि डोंगरासारखाच उभा आहे. तरीही लाकूड पूर्ण सुटलेले नाही. छताच्या सागवानी फासळ्या कार्ल्यात आजही जागेवर आहेत. स्तूपावरचे लाकडी छत्रही टिकून आहे. आतल्या बाजूने त्यावर कमळाची नक्षी आहे. उघड्या डोंगरात, सह्याद्रीच्या पावसात, सुमारे दोन हजार वर्षे लाकूड टिकावे ही असाधारण गोष्ट आहे. खोल कोरलेल्या दालनाच्या कोरड्या हवेने ते सांभाळले.

खांबांवरची नावे

कार्ल्याचे चैत्यगृह एका राजाने बांधलेले नाही. व्हरांड्यातल्या एका लेखानुसार वैजयंती, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासी येथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह तडीस नेले आणि जंबुद्वीपात ते सर्वोत्तम असल्याचे अभिमानाने नोंदवले. आतले खांब मात्र वेगवेगळ्या माणसांनी दिले. प्राकृत भाषेत आणि ब्राह्मी लिपीत खांबांवर त्यांची नावे आहेत. धेनुकाकट या गावाचे नाव त्यांत वारंवार येते. तिथल्या काही दात्यांनी स्वतःला यवन म्हणवले आहे. यवन म्हणजे मूळचे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. ते इथे बौद्ध धर्माला मदत करत होते. सोपाऱ्याचा दाताही आहे. सिंहदत्त नावाचा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आणि सामी नावाचा वढकी, म्हणजे सुतार, यांची नावे दाराशी आहेत. विदर्भात सुताराला आजही वाढई म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा शब्द असा बोलीत जिवंत राहिला आहे.

राजसत्तेचा संबंध येतो तो उदरनिर्वाहाच्या निमित्ताने. या जागेचे जुने नाव वलुरक. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने वलुरकच्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या पोषणासाठी करजिक गाव दान दिले. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांकडून हा प्रदेश परत घेतला, पण लेण्यांचे गाव भिक्षूंकडेच ठेवले. त्यासाठीचा हुकूम मामाल येथील अधिकाऱ्याला उद्देशून आहे आणि तो चैत्यगृहाच्या भिंतीवर कोरलेला आहे. राज्य बदलले तरी भिक्षूंचा शिधा चालू राहिला, ही त्या काळच्या राज्यकर्त्यांची मोठी जबाबदारीची जाणीव म्हटली पाहिजे.

आजची पूजा

पुढे भिक्षुसंघ या डोंगरातून ओसरला. डोंगराचे पावित्र्य मात्र उणावले नाही. एकवीरा ही कोळी, आगरी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजांतल्या अनेक घराण्यांची कुलस्वामिनी आहे. चैत्रातल्या आणि नवरात्रातल्या जत्रेला कोकणातून हजारो भाविक पालख्या घेऊन येतात. ज्या बंदरांचे व्यापारी इथे दान देत, त्याच किनाऱ्याची माणसे आजही ही वाट चढतात.

बौद्ध उपासकांचे येणेही पुन्हा वाढले आहे. मळवलीहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर देहूरोड लागते. तिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत नागपूरला धम्मदीक्षा झाली. नवबौद्ध कुटुंबांसाठी भाजे-कार्ल्याची सहल हे आपल्या परंपरेच्या जुन्या घरी जाणे असते. पांढऱ्या कपड्यांतले गट स्तूपाभोवती शांतपणे प्रदक्षिणा घालताना तिथे दिसतात.

दिवसाची आखणी

काळाचा क्रम पाळायचा तर भाजे, बेडसे, कार्ले असे जावे. उन्हाचा क्रम पाळायचा तर सकाळी बेडसे गाठावे, मग भाजे आणि दुपार कलल्यावर कार्ले, कारण कार्ल्याचे दार पश्चिमेकडे आहे आणि उतरते ऊन गवाक्षातून आत शिरते. स्वतःचे वाहन नसेल, तर पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरून भाजे आणि कार्ले आरामात होतात. पावसाळा संपल्यानंतरचे चार-पाच महिने सर्वांत चांगले. ऐन पावसाळ्यात भाज्याच्या धबधब्याला गर्दी होते आणि पायऱ्या निसरड्या होतात. जत्रेच्या दिवसांत कार्ल्यात निवांतपणे पाहणे कठीण.

सोबत एक मित्र असला की लेणी अधिक चांगली पाहून होतात. शिलालेखावर समोरून उजेड टाकला तर अक्षरे सपाट दिसतात. एकाने बाजूने तिरपा उजेड धरला की दुसऱ्याला खोदलेली रेघ स्पष्ट दिसते. एकजण कार्ल्याच्या स्तूपाशी उभा राहिला की दाराजवळच्या दुसऱ्याला दालनाची खरी उंची कळते. बेडशाच्या वाटेवर फारशी दुकाने नाहीत, म्हणून पाणी आणि शिदोरी बरोबर ठेवावी. लेण्यातल्या लाकडाला आणि शिल्पांना हात लावू नये. घामट हातांचा स्पर्श वर्षानुवर्षे होत राहिला की दगडाचीही झीज होते. संरक्षित स्मारकाच्या भिंतीवर नाव कोरणे हा कायद्याने गुन्हा आहे.

संध्याकाळी कार्ल्याच्या पायऱ्या उतरताना समोर इंद्रायणीचे खोरे आणि पलीकडे लोहगड-विसापूर दिसतात. पायथ्याच्या वेहेरगावाचे नाव विहारावरून आले, असे मानले जाते. शिलालेखातले मामाल म्हणजेच आजचे मावळ.